वॉकी-टॉकी आणि हॅम सेट: परीक्षा यंत्राची की माणसाची?

पावसाळी ट्रेक सुरू झाले की आमच्या रविवारच्या रेडिओ बैठकीत नवी मंडळी यायला लागतात. बऱ्याच जणांच्या हातात ऑनलाइन मागवलेला, आखूड अँटेनाचा, स्वस्तातला हँडसेट असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "हा वॉकी-टॉकी आहे की हॅम?" हॅम म्हणजे परीक्षा देऊन, परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा रेडिओ, आणि तो चालवणाराही हॅमच.

दिसायला दोन्ही सारखेच. बटण दाबा, बोला, सोडा, ऐका. पण परवाना न लागणाऱ्या वॉकी-टॉकीच्या बाबतीत सरकारनं परीक्षा यंत्राची घेतलेली असते आणि हॅम रेडिओच्या बाबतीत माणसाची. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आधी सोपं ते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा २०१८च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केलाय. त्यात चालणाऱ्या कमी ताकदीच्या सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे यंत्राच्या प्रकाराला मिळणारी मंजुरी लागते. ती कंपनीनं घेतलेली असली की तुम्ही सेट विकत घ्या आणि वापरा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिला तरी हरकत नाही. मात्र मंजुरी मिळते ती सेट जसा आहे तशा सेटला. अँटेना बदलली, ताकद वाढवली, की तो मंजूर झालेला सेट राहत नाही. वापरणाऱ्याला रेडिओतलं काही कळत नसणार हे गृहीत धरूनच हा पट्टा मोकळा केलाय, म्हणून लगाम यंत्रालाच घातलेला आहे.

हॅमचं नेमकं उलट. इथे परवाना तुमच्या नावावर निघतो. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती परीक्षेला बसू शकते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, जनरल श्रेणीला त्यात मोर्सच्या टिंब-रेषांच्या लिपीची भर, मिनिटाला ८ शब्द. उत्तीर्ण झालात आणि परवाना हातात आला की कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचं तुमचं ओळखचिन्ह, मिळतो. तो जनरलसाठी साधारणपणे व्हीयू२नं सुरू होतो आणि रिस्ट्रिक्टेडसाठी व्हीयू३नं. राजीव गांधींचा व्हीयू२आरजी होता. प्रत्येक संभाषणात हा कॉलसाइन उच्चारायचा, म्हणजे हवेत तुम्ही कोण आहात हे कधीच लपत नाही.

आणि माणूस तपासून घेतलाय म्हणून यंत्र त्याच्यावर सोपवलंय. हॅमला सेट उघडता येतो, स्वतः बांधता येतो, अँटेना हवी तशी करता येते. माझ्या मते या छंदाचा जीव इथेच आहे, आणि बोलण्याच्या नादात नवखी मंडळी नेमकं हेच विसरतात.

बैठकीत आम्ही सगळ्यात आधी जी अँटेना करायला देतो ती पाहा. एसओ-२३९ नावाचं चौकोनी सॉकेट घ्यायचं, ज्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं असतात. जाड तांब्याच्या तारेचे पाच तुकडे, प्रत्येकी अर्धा मीटर. एक मधल्या पिनेला डाग देऊन उभा, बाकीचे चार कोपऱ्यांत स्क्रूनं आवळून खाली ४५ अंशांत वाकवलेले. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या आसपास, तिच्या चौथ्या हिश्श्याहून जराशी कमी, एवढी उभ्या तारेची लांबी. हिशेबानं ती सुमारे ४९ सेंटिमीटर येते, पण तार मुद्दाम लांब ठेवायची. मग अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून टोकाकडून दोन-दोन मिलिमीटर कापत जायचं आणि दर वेळी काटा बघायचा. काटा दीडच्या खाली उतरला की थांबायचं. जास्त कापली गेली तर तार वाढत नाही, नवा तुकडा घ्यावा लागतो. शाळकरी मुलं हे ज्या एकाग्रतेनं करतात ते बघण्यासारखं असतं. सॉकेट आणि तार एवढ्याच खर्चात झालेली ही अँटेना गच्चीवर चढवली की सेटबरोबर आलेल्या रबरी अँटेनाला सहज मागे टाकते.

पल्ल्याबद्दल दोन्हीकडे गैरसमज सारखेच आहेत. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॉटपेक्षा उंची महत्त्वाची. सपाटीवर हातात धरलेल्या सेटचं रेडिओ-क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, तेच गणितानं १६५ किलोमीटरच्या पुढे जातं. अर्थात मध्ये दुसरा डोंगर आला की गणित तिथेच थांबतं. ४४६चा सेट सह्याद्रीच्या घळीत एका सोंडेपलीकडे गप्प होतो तो यामुळेच, आणि खोक्यावर छापलेले किलोमीटर तिथे कामाचे नसतात. हॅमकडे मात्र दुसरा रस्ता आहे: ७ मेगाहर्ट्झची लहर वर जाऊन आयनमंडलातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परत फिरते आणि डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरवर उतरते. त्यासाठी दोन झाडांमध्ये ताणलेली २० मीटरची तार पुरते.

संकटात हॅमची आठवण होते तीही याच कारणानं. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचा एक हॅम चमू पोर्ट ब्लेअरला छंदापायी स्टेशन लावून बसलेला होता. बाकीचे संपर्क तुटले तेव्हा त्याच स्टेशनवरून निरोप मुख्य भूमीवर गेले. सेट, तारा आणि त्या चालवणारी माणसं आधीच तयार होती.

आता तो स्वस्तातला हँडसेट. घोळ त्याचाच आहे, कारण असे बरेच सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ सगळीकडे बोलतात, तेही ५ वॉटनं. हॅमचे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे पट्टे त्यात येतात, मोकळा ४४६ही येतो, आणि दुसऱ्यांना नेमून दिलेल्या कितीतरी फ्रिक्वेन्सीही येतात. १५६.८ मेगाहर्ट्झ हे समुद्रावरचं संकटकाळचं १६ नंबरचं चॅनल आहे. कोकण किनाऱ्यावर कुणी "टेस्टिंग, टेस्टिंग" म्हणत तिथे बटण दाबून धरलं तर एखाद्या बोटीची हाक दबली जाऊ शकते. परवाना नसताना हा सेट ४४६वर लावला तरी तो त्या पट्ट्यासाठी मंजूर झालेला सेट नाही. आणि हॅम परवाना असला तरी ४४६ हा हॅमचा पट्टा नाही, तिथे मंजूर सेटच हवा. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण घरोघरी आधीच येऊन पडलेल्या सेटचं काय?

टाकून देऊ नका. बटण दाबू नका, परीक्षेचा अर्ज करा. परवाना येईपर्यंत बैठकीला या. माइक परवानाधारकाच्याच हातात असतो, पण शेजारी बसून ऐकण्यातूनच कान तयार होतो. कॉलसाइन कसा सांगतात, दुसरा बोलत असताना किती थांबतात, निरोप घेताना शुभेच्छा म्हणून '७३' का म्हणतात, हे सगळं तिथे कळतं.

वीस जणांचा ट्रेक नेणार असाल तर मात्र हॅमच्या भानगडीत पडू नका. गटातल्या एकाकडे परवाना असला तरी दुसरा सेट विनापरवाना मित्राच्या हाती देऊन चालत नाही. पुढच्याला आणि शेवटच्याला एक-एक ४४६चा मंजूर सेट द्या, सुटे सेल वेगळ्या पिशवीत भरा, आणि निघण्याआधी चॅनल एकच लावलंय ना ते पायथ्यालाच तपासा. कंपनीच्या गोदामात किंवा लग्नाच्या मांडवात संपर्क हवा असेल तरी हेच, कारण हॅमच्या पट्ट्यांवर धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं आणि सांकेतिक भाषेतले गुप्त निरोप, तिन्हीला मनाई आहे.