जंगलातला रस्ता आणि सोळा लाख पत्रं

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी ‘रोडलेस’ नियम रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. (तिकडे राष्ट्रीय जंगलं कृषिखात्याकडे असतात. लाकूड हेही पीकच, असा जुना हिशेब.) २००१ च्या या नियमाने ५ कोटी ८५ लाख एकर जंगलात नवे रस्ते बांधायला आणि बहुतेक लाकूडतोडीला बंदी घातली होती. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या पाऊणपटीइतकी ही जमीन. ती राखायची की नाही, हे ठरवताना लोकांना विचारायचं कसं आणि त्यांचं ऐकायचं किती, हे भांडण मात्र नियमाहून बरंच जुनं आहे.

१९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने ९१ लाख एकर जंगल एका फटक्यात कायमचं राखीव केलं. पुढची भर घालण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला आणि त्याआधी जनसुनावणी सक्तीची केली. अभ्यास आणि शिफारस वनखात्याने करायची, असा सर्वसाधारण समज होता. तो मोडला मोंटाना राज्यातल्या लिंकन या लहानशा गावाने. गावामागच्या जंगलात रस्ता आणि लाकूडतोड करायचा वनखात्याचा बेत होता. गावात दुकान चालवणारे सेसिल गारलंड यांनी त्याविरुद्ध शेजारीपाजारी आणि शिकारी मंडळी जमवली. १९६५ मध्ये तिथल्या एका रिपब्लिकन खासदाराने विधेयक मांडलं आणि १९७२ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार एकरांचं ‘स्केपगोट’ अभयक्षेत्र जाहीर झालं. वनखात्याच्या यादीत नसताना केवळ नागरिकांच्या रेट्याने राखीव झालेलं हे पहिलं जंगल.

अशा रेट्यामुळे बिनरस्त्याच्या सगळ्याच जंगलांची मोजदाद करणं वनखात्याला भाग पडलं. सत्तरीच्या सुरुवातीची पहिली पाहणी कोर्टकचेरीत अडकली. १९७७ मध्ये कार्टर सरकारने दुसरी काढली. तिचं नाव ‘रेअर टू’. ६ कोटी २० लाख एकर, २,९०० हून अधिक वनपट्टे, आणि काम दोनेक वर्षांत उरकायची घाई. मसुद्यावर अडीच लाखांहून जास्त प्रतिसाद आले. ते वाचून, वर्गवारी करून मोजण्यात आले. जानेवारी १९७९ मध्ये निकाल लागला: दीड कोटी एकर राखावं, ३ कोटी ६० लाख एकर इतर वापराला मोकळं करावं, उरलेल्याचं पुढे बघू.

हरकती मागवल्या, मोजल्या, मग बिघडलं कुठे? कॅलिफोर्निया सरकारनेच ४७ पट्ट्यांवरून दावा लावला आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने वनखात्याला चूक ठरवलं. प्रत्येक पट्ट्याचं वेगळेपण तपासलंच नव्हतं. शिवाय शेवटी जो प्रस्ताव पुढे आला, तो लोकांसमोर ठेवलेल्या मसुद्यात नव्हताच. म्हणजे पत्रं मागवली एका गोष्टीवर आणि ठरवली दुसरीच. मला या सगळ्या इतिहासातला हा निकाल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७० पासून लागू असलेला पर्यावरण धोरण कायदा लोकांना मताचा अधिकार देत नाही. पण ज्यावर निर्णय घ्यायचा तेच त्यांना दाखवा आणि त्यांच्या आक्षेपांना उत्तर द्या, हे या निकालाने त्याच कायद्याच्या आधारे वनखात्याला बजावलं. या निकालानंतर संसदेने राज्यागणिक कायदे करायचा धडाका लावला. एकट्या १९८४ मध्ये असे कितीतरी कायदे झाले.

तरीही कोट्यवधी एकर लोंबकळतच राहिले. नव्वदीच्या अखेरीस वनखात्याचे प्रमुख माइक डॉम्बेक यांनी साधा हिशेब मांडला: जंगलांत आधीच ३ लाख ८६ हजार मैल रस्ते आहेत, त्यांच्या दुरुस्तीचे ८४० कोटी डॉलर थकले आहेत, मग नवे कशाला? ऑक्टोबर १९९९ मध्ये क्लिंटन यांनी अभ्यासाचा आदेश दिला. सहाशेहून अधिक सभा झाल्या आणि सोळा लाखांच्या आसपास प्रतिसाद आले. बहुतांश छापील मजकुराचे होते, त्यामुळे ‘हे काय लोकमत?’ असं हिणवणारेही निघाले. माझ्या मते छापील पत्रावर सही करणाराही माणूसच असतो. पण एखादा झरा किंवा जनावरांची वाट दाखवून देणारं एकच पत्र अभ्यासात जास्त कामाला येतं, हेही खरं.

नियम जानेवारी २००१ मध्ये निघाला आणि लगेच कोर्टात गेला. आयडाहोमध्ये कूटनाय जमातीने आणि इतरांनी तक्रार केली की, एवढ्या मोठ्या मसुद्यावर ६९ दिवसांची मुदत अपुरी होती. जिल्हा न्यायाधीशांना ते पटलं आणि त्यांनी स्थगिती दिली. अपील न्यायालयाने २००२ मध्ये ती उठवली. वायोमिंगमधली लढाई २०११ पर्यंत चालली. याच सुमारास आयडाहो आणि कोलोरॅडो यांनी आपापले वेगळे नियम करून घेतले. अलास्कातलं टोंगास हे जंगल २०२० मध्ये नियमातून वगळलं आणि २०२३ मध्ये परत आत आणलं.

नियम रद्द करण्याच्या अभ्यासाचा पहिला टप्पा २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाला. मसुदा आल्यावर पुन्हा मुदत मिळेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. या टप्प्यात लोकांना लिहायला मिळाले २१ दिवस.