५८५च का? लहरींच्या वाटणीमागची गोष्ट

आकाशवाणी नागपूर मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. ५८० ला नाही, ५९० लाही नाही. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत बाजारभाव नि हवामान या आकड्यावर ऐकत आलेली माणसं भरपूर; आकड्याचं गणित मात्र जिनिव्हात ठरलं.

लहरी सरहद्द जुमानत नाहीत, म्हणून वाटणी देशोदेशींनी एकत्र बसूनच करावी लागते. १९०६ च्या बर्लिन परिषदेत मुख्यतः जहाजांच्या बिनतारी संदेशांचे नियम झाले. कोणत्या कामाला कोणता पट्टा, याचा पहिला तक्ता १९२७ मध्ये वॉशिंग्टनला बनला. आजची वाटणी मात्र १९४७ ची, अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीतली. परिषद मे महिन्यात बसली, २ ऑक्टोबरला सह्या झाल्या. मधल्या काळात आपला देश स्वतंत्रही होऊन गेला! तिथे जगाचे तीन प्रदेश पाडले. युरोप-आफ्रिका, अरबस्तान आणि सोव्हिएत संघ पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात, उरलेला आशिया नि ऑस्ट्रेलिया तिसऱ्यात. भारत तिसऱ्यात आला. ही आखणी काही कोऱ्या कागदावर झाली नाही. अमेरिकेत दर १० किलोहर्ट्झला एक केंद्र ही घडी आधीच बसली होती, युरोपात ९ ची. धुरा टाकताना वहिती कोणाची ते आधी पाहतात, तसंच झालं.

आपल्याकडेही पूर्वी दहाचंच अंतर होतं. पण मध्यम लहरी रात्री शेकडो किलोमीटर जातात, आणि केंद्रं वाढली तशी एकात एक मिसळू लागली. १९७५ मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या प्रदेशाने मिळून जिनिव्हात नवा आराखडा केला. तो २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाला आणि अंतर नऊवर आलं, केंद्रांचे आकडे नऊच्या पटीत बसवले. ५८५ ला नऊने भाग जातो. नागपूरहून लागायच्या राष्ट्रीय वाहिनीच्या १५६६ लाही जातो.

परिषद फक्त वाटणी ठरवते. परवाना ज्या-त्या सरकारचा. आपल्याकडे रेडिओ संच घरात ठेवायलाही पोस्टातून लायसन काढावं लागे, ती कटकट १९८० च्या दशकात सुटली.

आज हे प्रकरण थेट वावरात आलं आहे. संत्र्याच्या बागेसाठी ओलावा मोजणारा बिनतारी सेन्सर ऑनलाइन मागवला आणि खोक्यावर ९१५ मेगाहर्ट्झ निघालं, तर माल बहुधा अमेरिकेसाठी बनलेला. तिकडे ९०२ ते ९२८ हा पट्टा अशा उपकरणांना मोकळा आहे. इथे त्यातल्या ९१५ पर्यंतच्या लहरींवर मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतो. आपल्याकडे असे सेन्सर विनापरवाना चालतात ते ८६५ ते ८६८ मध्ये. ‘चालते जी, काई होत नाही’ म्हणून कोणी गळ्यात मारला, तरी आकडा पाहूनच घ्यावा.