निदान चेहरा तरी…

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात तासभर बसून राहिलं, की एक वाक्य कानावर पडतंच : ‘डॉक्टर, निदान चेहरा तरी दाखवा ना.’ आणि समोरच्या भिंतीवर ठळक पाटी असते : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. एकाच खोलीत एकच शब्द दोन अर्थांनी वावरतो. बाईच्या तोंडी ‘निदान’ म्हणजे कमीत कमी, एवढं तरी. पाटीवरचं ‘निदान’ म्हणजे तपासणी करून काढलेला निष्कर्ष. निव्वळ आठवण म्हणून, हौस म्हणून केलेल्या सोनोग्राफीची आपल्याकडची कहाणी या दोन अर्थांच्या मधल्या फटीतली आहे.

परदेशात या प्रकाराला ‘कीपसेक’ म्हणतात. तिथे मॉलमध्ये याचे स्टुडिओ असतात. आजी-आजोबा सोफ्यावर बसून मोठ्या पडद्यावर नातवंड पाहतात, सोबत सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळतो. आपल्याकडे याला वेगळं नावच रुजलं नाही. नागपुरात विचारतात ते एवढंच : ‘फोर-डी काढली का?’ म्हणजे वस्तू आहे, मागणी आहे, पण तिचं दुकान नाही. असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं, पण फार मागेही नाही.

सुरुवात थोडक्यात. कारखान्यात लोखंडातली भेग शोधायला वापरलं जाणारं ध्वनिलहरींचं यंत्र ग्लासगोतल्या एका प्रसूतितज्ज्ञाने पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. हलतं चित्र १९६०च्या दशकात आलं. गर्भाचं त्रिमित चित्र १९८०च्या दशकात टोकियोत काढलं गेलं, आणि त्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या कंपनीचं तसं यंत्र बाजारात आलं. फोर-डीमधली चौथी मिती म्हणजे वेळ : तेच त्रिमित चित्र, पण हलतं. डॉक्टरला ओठ दुभंगलेला आहे का हे पाहायला ते उपयोगी. आईबापांना मात्र त्यात पहिल्यांदाच ‘आपल्यासारखं’ काहीतरी दिसलं. करड्या ठिपक्यांतून बाळ ओळखायला डॉक्टर लागतो, मधाच्या रंगातला चेहरा ओळखायला कोणीही चालतं. हौसेचा धंदा उभा राहिला तो या फरकावर.

पाश्चात्त्य देशांत या धंद्याबद्दलची भांडणं सुरक्षिततेवरून झाली. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भासाठी चालणारी ऊर्जेची मर्यादा ९४ मिलीवॉट प्रति चौरस सेंटिमीटरवरून ७२०पर्यंत सैल करण्यात आली. बदल्यात उष्णतेचा आणि यांत्रिक परिणामाचा निर्देशांक पडद्यावर दाखवणं आलं. त्यामुळे ‘सोनोग्राफीने काही होत नाही’ या विधानामागचे बरेचसे अभ्यास जुन्या, सौम्य यंत्रांवरचे आहेत, हा आक्षेप तेव्हापासूनचा. माणसात अपाय झाल्याचा पुरावा नाही हेही खरं. मुद्दा असा, की नुसत्या चेहऱ्याच्या चित्राला ऊर्जा कमी लागते, पण बाळ तोंड फिरवून बसलं तर अर्धा-पाऊण तास प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, पोटावर फिरत राहतो, आणि आठवणीसाठी ठोक्यांचा आवाज रेकॉर्ड करायला जे डॉप्लर लावतात त्यात ऊर्जा जास्त. तिथल्या नियामकांनी हे यंत्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरायचं नाही, असं वारंवार बजावलं. कनेक्टिकट राज्याने २००९मध्ये अशा स्कॅनवर बंदी घातली, फ्रान्सने २०१७मध्ये यंत्र डॉक्टर आणि सुईणींपुरतं मर्यादित केलं, जर्मनीने २०२१च्या आरंभापासून ‘बेबी-टीव्ही’ बंद केला. ब्रिटनमध्ये मात्र असे खासगी स्टुडिओ आजही उघडपणे चालतात.

नागपुरात यातला एकही मुद्दा कधी चर्चेला आला नाही. इथे दार त्याआधीच लागलं होतं, आणि ते लावताना हौशी फोटो कुणाच्या डोळ्यांपुढेही नव्हता.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा महाराष्ट्राचा १९८८चा कायदा हा देशातला पहिला. तो आला गर्भजलपरीक्षेमुळे, म्हणजे सुईने पोटातलं गर्भजल काढून केलेल्या तपासणीमुळे. दिल्लीत १९७५मध्ये जन्मजात दोष शोधण्यासाठी सुरू झालेली ती तपासणी काही वर्षांत मुलगा-मुलगी ओळखण्याचं साधन बनली. ‘आज पाचशे खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघड लागत, आणि ‘पाच लाख’ म्हणजे हुंडा हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मुंबईत डॉक्टर, वकील आणि स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या एका मंचाने दोन-तीन वर्षं रेटा लावला तेव्हा कायदा झाला. केंद्राचा कायदा १९९४चा, अमलात आला १ जानेवारी १९९६ला. दोन्हींच्या नजरेसमोर सुई होती, प्रोब नव्हता. सोनोग्राफीचा उल्लेख होता, पण केंद्रचालक म्हणत, आम्ही काही जनुकीय चिकित्सालय नव्हे, आम्ही कशाला नोंदणी करू? तोवर यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती.

इथून पुढची काही वर्षं फार महत्त्वाची आहेत. मुंबई-पुण्याच्या दोन संस्था आणि एक संशोधक २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ मे २००१च्या आदेशाने राज्यं हलली. पुढे न्यायालयाने यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडून ती कुणाकुणाला विकली याचा तपशीलच मागवला. हा डाव मला त्या सगळ्या लढ्यातला सर्वांत चतुर वाटतो. डॉक्टरच्या मनातला हेतू सिद्ध करता येत नाही, यंत्राचा पत्ता मात्र सापडतो. १४ फेब्रुवारी २००३ला सुधारित कायदा लागू झाला. त्याचं नावही बदललं : आधी ‘गैरवापर रोखण्या’चा कायदा होता, आता तो ‘लिंगनिवडीस प्रतिबंध’ करणारा झाला. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकायचं नाही, गरोदर बाईवर केलेल्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म-एफ, म्हणजे कारणासह नोंदीचा फॉर्म, भरायचा, फॉर्ममधली उणीव म्हणजे गुन्हाच, अन्यथा सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरची. मॉलमधल्या स्टुडिओची शक्यता त्या दिवशी संपली. हौसेला कुणी बंदी घातली नाही. हौसेला लागणारं यंत्रच कुलपात गेलं.

आता फॉर्म-एफमधली यादी. गरोदरपणात सोनोग्राफी कोणत्या कारणांसाठी करावी याच्या २३ बाबी तिथे आहेत : गर्भ गर्भाशयातच आहे ना, किती आठवड्यांचा आहे, जुळं आहे का, रक्तस्राव, वार कुठे आहे, गर्भजल किती, आधीच्या सिझेरियनचा व्रण, बाळाची वाढ आणि वजन, जन्मजात दोष, अगदी मान्यताप्राप्त संस्थेतलं संशोधनसुद्धा. चोविसावी बाब ‘आईला पाहायचं आहे’ अशी नाही. पण गंमत अशी, की फॉर्मचा मजकूर स्वतःच या यादीला ‘प्रातिनिधिक’ म्हणतो. प्रातिनिधिक म्हणजे नमुन्यादाखल. म्हणजे चोविसावं कारण असू शकतं? काही डॉक्टर खासगीत असा युक्तिवाद करतात. शिवाय कायद्यात ‘प्रसवपूर्व निदान चाचणी’ची व्याख्या जनुकीय आजार, चयापचयाचे दोष, गुणसूत्रांतल्या विकृती, जन्मजात व्यंगं वगैरे शोधण्यासाठी केलेली तपासणी अशी आहे. मग ज्यात काहीच शोधायचं नाही, नुसता फोटो काढायचा आहे, ते ‘निदान’ तरी आहे का? आणि निदान नसेल, तर निदानाच्या कायद्यात ते बसतं कसं?

ऐकायला हा युक्तिवाद देखणा आहे, टिकणारा नाही. ‘प्रातिनिधिक’ शब्दाच्या आधीच्याच वाक्यात, गरज असेल तेव्हाच सोनोग्राफी करावी, असं म्हटलं आहे. गरज वैद्यकीय, हे अध्याहृत. आणि फॉर्ममध्ये खूण करायला लागते ती छापलेल्या बाबींपुढे. तरीही हा शब्द फॉर्ममध्ये का राहिला? माझा अंदाज, वैद्यकशास्त्र पुढे सरकतं म्हणून थोडी मोकळीक ठेवायची असावी. व्यवहारात झालं उलटंच. मोकळीक कुणी घेतली नाही, कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे ‘इतर’ असं लिहिण्याची हिंमत कोण करील? हौसेने आपल्यासाठी आधीच छापलेली एक चौकट शोधली.

ती कोणती, ते आठवड्यांच्या हिशोबात दडलेलं आहे. व्यंग शोधणारी सोनोग्राफी, जिला कुणी अॅनोमली म्हणतं, कुणी टिफा, ती साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. त्या वेळी बाळाच्या गालावर चरबी नसते. फोर-डी लावलं तर चेहरा हाडकुळा दिसतो, आणि घरचे फोटो पाहून गप्प होतात. ‘गुबगुबीत’ चेहरा मिळतो २६ ते ३० आठवड्यांत. त्या टप्प्यावर अॅनोमलीचं कारण देता येत नाही, पण ‘वाढ, वजन आणि गर्भाची स्थिती’ ही बाब आहेच. ती खोटीही नसते, कारण वाढ खरोखर मोजली जाते. मोजमापं झाली, की शेवटची दोन मिनिटं चेहऱ्याला. आपल्याकडची कीपसेक म्हणजे ही दोन मिनिटं. वेगळी पावती नाही, वेगळं नाव नाही.

याच आठवड्यांवरून दुसऱ्या बाजूने एक प्रश्न विचारला जातो, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. गर्भपाताची मुदत अनेक वर्षं २० आठवडे होती, २०२१पासून काही गटांतल्या स्त्रियांसाठी ती २४ झाली. मग २८व्या आठवड्याला चेहरा पाहिल्याने कोणतं संकट येणार? कायद्याच्या बाजूचे लोक सांगतात, कायदेशीर मुदत संपली म्हणून बेकायदा गर्भपात थांबत नाहीत, आणि २८ आठवड्यांना चालणारं यंत्र १४ आठवड्यांनाही तेच असतं. हौशीसाठी वेगळा परवाना दिला, की त्या खोलीत कोण कितव्या आठवड्यात आलं हे पाहायला कोण बसणार आहे? मला हे उत्तर पटतं. पण ते देताना ज्या बाईला फक्त गाल पाहायचे होते तिला संशयितांच्या रांगेत उभं केलं जातं, हे मान्य करायला त्यातले फारसे तयार नसतात.

संशयालाही कारण आहे. कायदा शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग सांगायला मनाई करतो. हे ‘अन्य कोणत्याही’ उगाच आलेलं नाही. पेढे की बर्फी, निळी शाई की लाल, ‘सोमवारी या’ की ‘शुक्रवारी या’, असले संकेत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. राज्यातलं शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण १९९१मध्ये हजार मुलांमागे ९४६ मुली होतं, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४. विदर्भातली स्थिती बीडसारखी कधीच नव्हती (तिथे २०११मध्ये ८०७), आणि नागपूरकर हे थोड्या आढ्यतेने सांगतातही. पण नागपूर हे नुसतं विदर्भाचं रुग्णालय नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे रुग्ण इथेच येतात. फॉर्म-एफवर परराज्यातला पत्ता आला, की केंद्रचालक ओळखपत्र दोनदा बघतात. दुसरीकडे, याच भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार शोधणं हा कायद्यानेच मान्य केलेला हेतू आहे. म्हणजे ज्या घराला गर्भनिदानाची खरी गरज आहे आणि ज्या घराला फोटो हवा आहे, ती दोन्ही एकाच बाकावर, एकाच पाटीखाली बसलेली असतात.

डॉक्टरांचं गाऱ्हाणं वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यात २०१०मध्ये फॉर्म ऑनलाइन भरण्याची आणि यंत्राला नजर ठेवणारं उपकरण जोडण्याची सक्ती झाली. रेडिओलॉजिस्ट उच्च न्यायालयात गेले आणि २०११मध्ये हरले. पत्ता अर्धवट, सही राहिली, तारीख चुकली, म्हणून यंत्र सील आणि खटला, हा राग २०१६च्या देशव्यापी संपात बाहेर पडला. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. लेखनिकी चूक आणि लिंगनिदान यांना एकाच मापाने मोजू नका, एवढी मागणी. ३ मे २०१९ला निकाल विरोधात गेला. फॉर्म-एफ हा कागदी सोपस्कार नाही, तपासणी करावी की नाही हे ठरवणारी अटच त्यात आहे, तो अपुरा ठेवणं क्षुल्लक मानता येत नाही, असा त्याचा आशय. खरं तर हौशी फोटोचं भवितव्य या निकालाने ठरवलं, जरी त्यात फोटोचा विषय नव्हता. कारण त्यानंतर कारणाच्या रकान्यात ज्याचं नाव नाही असं काहीही करणं हा डॉक्टरसाठी सरळ तुरुंगाचा प्रश्न झाला : पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

परिणाम केंद्रात दिसतो. अनेक ठिकाणी रुग्णाच्या बाजूचा पडदा बंद असतो, नवऱ्याला बाहेर थांबायला सांगतात, सासूला तर आवर्जून. काही डॉक्टर चेहऱ्याचा फोटो देणंच नाकारतात. कायद्यात चेहरा दाखवायला मनाई नाही, पण पडद्यावर प्रोब सरकताना पुढच्या क्षणी काय दिसेल याची हमी कोण देणार? काही जण देतात, फक्त चेहरा कातरून. बहुतेक वेळा तो थर्मल कागदावर निघतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, तो कागद गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिला तर बाळ काळ्या डागात नाहीसं होतं. जाणती मंडळी घरी पोचायच्या आधीच मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवतात, आणि डोहाळेजेवणाच्या दिवशी हिरव्या साडीतल्या फोटोशेजारी तोच घरच्या ग्रुपवर फिरतो.

तपासणीआधी त्या बाईने सही केलेल्या प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं असतं, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टरही अहवालावर लिहून देतो, की मी ते पाहिलंही नाही आणि सांगितलंही नाही. दोघांच्या सह्यांच्या मधे ‘वाढ आणि वजन’ या बाबीपुढे बरोबरची खूण.