वटवाघूळ दिसलं? आधी कान बघा

ठाण्यात दिवेलागणीला सोसायटीच्या गच्चीवरून मोठं वटवाघूळ गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "रक्त पितं हे." रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची, आणि तीही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. आपल्याकडे ज्याच्या माथी इंग्रजांनी 'फॉल्स व्हॅम्पायर' हे नाव मारलं ते मोठ्या कानांचं वटवाघूळ निराळंच. तेही रक्तावर जगत नाही, पण शिकारी मात्र पक्कं आहे.

गच्चीवरून जातं ते फलाहारी. पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोभर किंवा त्याहून जास्त. तोंड कोल्ह्याचं, डोळे टपोरे, कान त्या मानाने लहान. प्रतिध्वनीवरून वाट काढणं याला येत नाही. डोळे आणि नाक यांवरच सगळी भिस्त. उंबर, वड, जांभूळ चघळून रस गिळायचा नि चोथा थुंकायचा. दिवसा उंच झाडावर उघड्यावरच शेकड्यांनी लटकतं.

मोठ्या कानांचं जेमतेम चाळीस ते साठ ग्रॅमचं. कान एवढे मोठे की बुडाशी कपाळावर एकमेकांना जोडलेले. नाकावर पानासारखी उभी घडी, शेपूट दिसतच नाही. ठाण्याजवळच्या येऊरसारख्या जंगलात ते जमिनीलगत उडतं. स्वतःचा आवाज अगदी बारीक ठेवतं आणि पाचोळ्यातली खसखस ऐकून झडप घालतं. नाकतोडे, बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी, प्रसंगी दुसरी वटवाघळंसुद्धा! भक्ष्य ठरलेल्या जागी नेऊन खातं, त्यामुळे खाली किड्यांचे पंख, पिसं, हाडं पडलेली असतात. फलाहारींच्या झाडाखाली चोथा आणि बिया. मला तर ओळखीची सगळ्यात सोपी खूण हीच वाटते.

नुसत्या आकारावर जाऊ नका. आखूड नाकाचं छोटं फलाहारी वटवाघूळही साधारण मोठ्या कानांच्याएवढ्याच वजनाचं असतं. त्याच्या कानांच्या कडा पांढुरक्या, आणि अंगठ्याशेजारच्या बोटालाही नखी असते.

फलाहारी वटवाघळं वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पण कायद्याने उंच झाड मिळत नाही. रस्ता रुंद करताना वसाहतीचं झाड पडलं की ती उठलीच. मोठ्या कानांच्यांना वसाहतीचं झाड वाचवून फारसा उपयोग नाही. त्यांना लेणी, किल्ल्यातल्या अंधाऱ्या खोल्या, पडके वाडे, जुन्या विहिरी लागतात. डागडुजीत भोकं लिंपली, आत धूर केला, की त्यांचं घर गेलं. म्हणून भोक बुजवण्याआधी आत कुणी लटकलंय का ते पाहावं, पिल्लं असतील तर काम पुढे ढकलावं.

यातलं कुठलंही घरात शिरलं तर दिवे मालवा, पंखा बंद करा, खिडक्या सताड उघडा. उघड्या हाताने धरू नका. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.