मूत्रपिंड नवं, विषाणू जुना

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर विषाणूसंसर्ग झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "हा लागला कुणाकडून?" पुष्कळदा तो आजूबाजूच्या कुणाकडून लागलेला नसतो. तो रुग्णाच्या शरीरात आधीपासूनच असतो, किंवा दात्याच्या मूत्रपिंडातून येतो.

सायटोमेगॅलोव्हायरस, एप्स्टाइन-बार आणि बीके हे तिन्ही विषाणू बहुधा लहान वयातच शिरतात आणि जन्मभर दबून राहतात. त्यांच्यावर पहारा असतो प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींचा. याच पेशी नव्या मूत्रपिंडावर तुटून पडू नयेत म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं द्यावी लागतात, आणि पहारा ढिला पडतो.

बीके मला यात सर्वांत विलक्षण वाटतो. 1971 साली लंडनमध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्याचा डीएनए जेमतेम पाच हजार बेस-जोड्यांचा. डीएनएच्या प्रती काढणारं पॉलिमरेज बनवायला लागणारा जनुकच त्याच्याकडे नाही! आपल्या पेशीचं पॉलिमरेज वापरावं, तर मूत्रनलिकांच्या पेशी सहसा विभाजन करत नसतात. त्यामुळे ती यंत्रणा बंद. मग तो 'लार्ज टी अँटिजेन' हे प्रथिन बनवतो. पेशीतल्या आरबी प्रथिनाने ई2एफ नावाचे घटक जखडून ठेवलेले असतात. लार्ज टी आरबीला पकडतं, ई2एफ सुटतात आणि डीएनए-निर्मितीची जनुकं चालू होतात. अशा वेळी पी53 हे राखणदार प्रथिन पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं; लार्ज टी त्यालाही निकामी करतं. पेशी कामाला लागते ती विषाणूच्या.

औषधाची अडचण इथेच आहे. सायटोमेगॅलोव्हायरसचं पॉलिमरेज स्वतःचं असल्यामुळे गॅन्सायक्लोव्हिर त्यावर नेम धरू शकतं. बीकेचं तसं काहीच नाही, आणि त्याच्यावर खात्रीचं औषधही अजून नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बेताने कमी करणं, हाच मुख्य उपाय. ही औषधं जास्त कमी झाली, तर शरीर मूत्रपिंड नाकारतं.

म्हणून 'इम्युनिटी वाढवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-गोळ्या या रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं आहे. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती तर रक्तातलं टॅक्रोलिमस कमी करते.

बीकेमुळेही रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) वाढतं, मूत्रपिंड नाकारलं जात असतानाही वाढतं. उपचार मात्र उलटे. फरक कळायला बायॉप्सी लागते. बीके रक्तात आधी दिसतो, मूत्रपिंडाची हानी सहसा नंतर होते. म्हणूनच तब्येत उत्तम वाटत असतानाही सुरुवातीच्या काळात ठरावीक अंतराने रक्तात विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करायला सांगतात.