मिठाचं पाणी पाजू नका

कुत्र्यानं चॉकलेट किंवा बेदाणे असं त्याला विषारी काही खाल्लं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘मिठाचं पाणी पाजा, सगळं उलटून पडेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो धोकादायक आहे.

मिठानं उलटी होईलच असं नाही. नाही झाली, तर मीठ पोटातच राहतं, रक्तातलं सोडियम वाढतं, थरथर सुटते, झटके येतात. वजनाच्या दर किलोमागे साधारण 4 ग्रॅम मीठ कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. पाच किलोच्या पॉमेरेनियनला हे प्रमाण एका मोठ्या चमच्याच्या जरासं वर भरतं. म्हणजे बेदाण्यांपेक्षा उपायच भारी! दूध-तुपानं विष उतरतं, हीही समजूतच.

उलटी करवायची का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांच्याकडे त्यासाठी अ‍ॅपोमॉर्फिनचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण पहिल्या दोन तासांतच उपयोगाचं. कुत्रं गुंगीत असेल किंवा रॉकेल, अ‍ॅसिड प्यायलं असेल, तर उलटी करवणंच घातक.

म्हणून लगेच फोन करा. काय खाल्लं, किती, केव्हा, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा; वेष्टन सोबत न्या. लक्षणांची वाट पाहू नका. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या शुगरफ्री च्युइंगगमनं तासाभरात रक्तातली साखर घसरू शकते, कांद्याचा परिणाम मात्र काही दिवसांनी दिसतो. बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं.