सेशनला कुठे बसणार, ते आधी ठरवा

नमस्कार. आमच्याकडे ऑनलाइन समुपदेशनाला येणाऱ्या आई-बाबांसाठी हे पत्रक आहे. लिंक कशी उघडायची, जीपेने पैसे कसे पाठवायचे हे तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगायचीय, जी फोनवर सांगून सांगून माझा घसा बसलाय म्हणून आता लिहूनच काढतेय. सेशनच्या वेळी तुम्ही एकटे असायला हवे. खरंच एकटे, दार लावून.

होतं काय, बुकिंग करताना सगळे म्हणतात "हो हो, घरीच आहे, काही प्रॉब्लेम नाही" आणि व्हिडिओ चालू झाला की मागे ओटा दिसतो, कुकर लावलेला असतो, हॉलमध्ये सासूबाईंची सिरियल आणि मांडीवर दोन वर्षांचं पोरगं, त्याला माझ्या चष्म्यात जाम इंटरेस्ट. (हे कोणा एकीचं वर्णन नाही, तसं आम्ही कुणाचं बाहेर सांगत नाही, बऱ्याच जणींचं मिळून झालेलं चित्र आहे.) मी विचारते, झोप कशी आहे? "ठीक." घरात मदत असते का? "हो ना, सगळे खूप करतात." आणि हे म्हणताना डोळे दाराकडे. पन्नास मिनिटांतली चाळीस-पंचेचाळीस अशीच जातात आणि शेवटची पाच उरली की बाई गॅलरीत जाते, दार ओढून घेते आणि मग खरं काय ते एका दमात बाहेर येतं, तोवर पुढचे क्लायंट लिंकवर येऊन थांबलेले असतात. पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून. चौथ्या सेशननंतर घरातले विचारतात, काही फरक पडतोय का गं? फरक कसा पडेल, अजून बोलणंच झालेलं नाहीये.

बाबा लोकांचं वेगळं. ते गाडीतून बोलतात. कात्रजचा बोगदा आला की आवाज जातो आणि परत येतो तेव्हा विषय बदललेला असतो. चालत्या गाडीत आम्ही सेशन घेत नाही, बाजूला लावा, काच वर करा, मग बोलू. थांबलेली गाडी मात्र एक नंबर जागा आहे, हे मी मनापासून सांगते.

आणि "तो खेळतोय, त्याचं लक्ष नाहीये" हे तर प्लीज सांगू नका. चार-पाच वर्षांच्या पोरांचं सगळं लक्ष असतं, तुम्ही आवाज बारीक केलात की जास्तच. दमलेल्या आईच्या डोक्यात कधीतरी येतं की हे पोर झालंच नसतं तर बरं झालं असतं. येतं हो, त्याने तुम्ही वाईट आई होत नाही, असलं बोलायलाच तर आमच्याकडे यायचं, पण ते वाक्य त्याच्या कानावर पडायला नको. आणि तो ऐकतोय म्हणून तुम्ही ते गिळणार असाल तर मग आपण बोलायचं काय, होमवर्कचं टाइमटेबल?

काही जण म्हणतात तुम्ही जागेचा फारच बाऊ करता. करते, कारण आमचं कामच शब्दांवर चालतं. आम्ही बऱ्यापैकी आरईबीटीच्या (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) अंगाने काम करतो, अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या आसपास सुरू केलेली पद्धत, मनातले "असंच झालं पाहिजे" असे हट्टी विचार शोधून ते बदलायची. मराठीत ती समजवायला सोपी, कारण आपल्याकडे "च" आहे. मला घर आणि ऑफिस दोन्ही जमलं"च" पाहिजे. पोरीने ऐकलं"च" पाहिजे. मॅटर्निटी लीव्ह संपून ऑफिसला गेले तरी बाळाला काही"च" कमी पडता कामा नये. त्रासाचं मूळ बऱ्याचदा त्या "च"मध्ये असतं आणि माणूस मोकळं बोलत असेल तरच तो सापडतो. बाहेर कोणी ऐकतंय म्हटल्यावर सगळेच "चालतंय, बघू" वर येतात आणि त्या "बघू"मध्ये मला काही सापडत नाही.

मग बसायचं कुठे? वन बीएचकेमध्ये सहा माणसं असतात हे मलाही कळतं, मी स्वतः तशाच घरात वाढलेय. बिल्डिंगची गच्ची, दुपारी रिकामा असलेला मैत्रिणीचा फ्लॅट, लंचमध्ये ऑफिसची मीटिंग रूम, कॅमेरा बंद ठेवून बागेत चालत चालत फक्त ऑडिओ, हे सगळं चालतं. घरातच बसायचं असेल तर दाराच्या बाहेरच्या बाजूला फॅन नाहीतर रेडिओ लावा आणि दोन्ही कानात इअरफोन घाला. एक शब्द आधी ठरवून ठेवू, समजा "चहा". तुम्ही "चहा ठेवायचाय" म्हणालात की कोणी आत आलंय हे मी समजते आणि शाळेच्या अॅडमिशनवर बोलायला लागते. मुलाला त्या तासाभरासाठी कोणाकडे तरी सोडा, शेजारच्या काकूंकडे, आजोबांबरोबर खाली. ते शक्यच नसेल तर म्हणून आम्ही सकाळी सातचा आणि रात्री साडेनऊचा स्लॉट ठेवलाय, पोरं झोपलेली असताना. हे दोन आधी भरतात.

नवरा-बायकोचा फोन किंवा बँक खातं एकच असेल तर बुकिंगलाच सांगा. रिमाइंडर कुठल्या नंबरवर पाठवायचा ते तुम्ही ठरवायचं, मेसेजमध्ये "समुपदेशन" हा शब्द आम्ही टाकत नाही. नवऱ्याने, बायकोने, आईने फोन करून विचारलं तरी सेशनमधलं सांगत नाही. अपवाद दोनच, कोणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि मुलाचं लैंगिक शोषण होत असल्याचं कळलं तर, ते पॉक्सो कायद्याने (२०१२) कळवावंच लागतं.

दर वेळी सुरुवातीला "आत्ता कुठे आहात" विचारतो, त्याचा काहींना राग येतो. अहो, तुम्ही अकोल्यात आणि मी नाशकात, मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची? म्हणून पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर, बाकी काही नाही.

नियम असाय. सुरू झाल्यावर दहा मिनिटांत तुम्ही मोकळं बोलू शकत नाहीये असं दिसलं तर आम्ही सेशन थांबवतो आणि दुसरी वेळ देतो. पहिल्यांदा त्याचे पैसे नाहीत, दुसऱ्यांदा अर्धी फी. हे काहींना कडक वाटतं. पण "हो-नाही"ची पन्नास मिनिटं पुरी करून पूर्ण फी घेणं मला जास्त चुकीचं वाटतं.

बाकी पटकन. "मुलाला समोर बसवते, तुम्ही जरा समजवा" असं होत नाही, सेशन तुमचं आहे. गोळ्या आम्ही देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, उगाच चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर "होईल बरं" म्हणत बसू नका, आम्हाला नाहीतर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर स्लॉटची वाट बघू नका, १४४१६ ला लावा, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलतात. घरात मारहाण होत असेल तर ११२ (इमर्जन्सी, पोलीस) नाहीतर १८१ (महिला हेल्पलाइन).

अमेरिकेतून, न्यू जर्सीहून सेशनला येणाऱ्यांनी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बघा, तिकडे तेव्हा ते तासभर पुढे-मागे करतात. आमचे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात तुमचे आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. दर नोव्हेंबरला दोघं-तिघं तरी तासभर उशिरा येतात.

पहिला पंधरा मिनिटांचा कॉल फ्री आहे, त्यात फक्त जागा आणि वेळ ठरवतो. फॉर्ममध्ये "कुठे बसणार" हा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका. नुसतं "घरी" लिहिलंत तर मी फोन करून कुठल्या खोलीत ते विचारतेच.